तात्पुरतं घट्ट

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे टेकूकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. पुलांची मॉडेलं कॉम्प्युटरवर उभी करून ती किती भार पेलतील ते सांगायचं, हे आमच्या ऑफिसचं काम. त्यात मॉडेलला टेकू द्यायचे, म्हणजे पूल कुठे, कसा आणि किती धरलेला आहे ते मशीनला सांगायचं, हे काकांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं फारसं काही केलं नाही. कुणाची खुर्ची डुगडुगायला लागली की लोक ओरडत, "काका, इकडे एक टेकू द्या हो!" काका खरंच उठत, पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवत आणि वर सांगत, "घे आता खुशाल डुलकी. पडणार नाहीस."

मी चौदा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलणारे पुष्कळ भेटतील. मला जे सांगायचं आहे ते चांगलं नाही. त्यात माझाही हात आहे, म्हणून ते दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

बाहेरच्या माणसाला हे टेकूचं काम किरकोळ वाटतं. पदवी घेऊन आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मॉडेल म्हणजे पडद्यावर हवेत काढलेल्या काड्या. त्यांना कुठेतरी धरलं नाही तर तो पूल तरंगत निघून जातो आणि मशीन लाल अक्षरांत तक्रार करतं. धरायच्या प्रत्येक जागी सहा चौकटी असतात, तीन दिशांना सरकायच्या आणि तीन दिशांना वळायच्या. चौकटीत खूण केली की ते दार बंद, नाही केली की उघडं. नवी मंडळी काय करत? मशीनने तक्रार केली रे केली की सगळ्या चौकटींत खुणा ठोकून मोकळी होत. मशीन गप्प, मंडळी चहाला. मीही एकदा तेच केलं होतं. काकांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा पूल काय भिंतीत गाडलाय का गं?"

मला राग आला होता. डिप्लोमावाला माणूस मला शिकवतो म्हणजे काय! पण ते शांतपणे खुर्ची ओढून बसले. "हे बघ, बेरीज चुकली तर मशीन ओरडतं. टेकू चुकला तर ते गप्प बसतं आणि छान, नीटनेटकं, दोन दशांशांपर्यंत चुकीचं उत्तर देतं. म्हणून टेकू मशीनला विचारायचे नसतात. पुलाला विचारायचे."

त्यांची स्वतःची एक रीत होती. आधी सगळे टेकू तात्पुरते घट्ट करायचे. मग पुलाचं वजन आणि टेकूंनी पेललेलं वजन जुळतं का पाहायचं, म्हणजे काड्या नीट जोडल्यात की नाही ते कळतं. ते जुळलं की एकेक टेकू खऱ्यासारखा मोकळा करायचा. जिथे रोलर आहे तिथे सरकू द्यायचं, जिथे पिन आहे तिथे वळू द्यायचं, आणि खांबाच्या तळाशी मातीचा ताठपणा मोजून स्प्रिंग द्यायची. माती काही पोलाद नसते, ती थोडी तरी दबते. अजून काय काय तात्पुरतं घट्ट आहे याची यादी ते एका छोट्या वहीत लिहीत आणि मोकळं केलं की त्यावर काट मारत. ही रीत मी त्यांच्याकडून उचलली. आमच्या ऑफिसात आजही सगळे तसंच करतात.

दुसरी रीत मात्र त्यांची एकट्याचीच. नकाशात लिहिलेल्या बेअरिंगवर, म्हणजे खांब आणि तुळई यांच्यामधल्या आधारावर, त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. जुना पूल असला की सकाळी गारव्यात ते पुलाखाली जात, शिडी लावून प्रत्येक बेअरिंगपर्यंत चढत आणि वरच्या व खालच्या पत्र्यावरून मिळून पेन्सिलची एक उभी रेघ ओढत. दुपारी तीनला पुन्हा वर. ऊन खाऊन पूल लांबला असला तर रोलर सरकतो आणि रेघ तुटते. रेघ तुटली तर रोलर जिवंत. सबंध राहिली तर मेला. ऑफिसातले लोक हसत. साहेब म्हणत, "काका, पोस्टमॉर्टेम झालं का?" काकाही हसत, पण रेघ ओढल्याशिवाय टेकू देत नसत.

घरी ते आणि काकू, दोघंच. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. काकू शिवणकाम करत. जीभ कात्रीसारखी. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला म्हणाल्या, "अख्ख्या जगातल्या पुलांना टेकू देतात हे. आणि आमचा पलंग वीस वर्षं करकरतोय, त्याच्या पायाकडे एकदा वाकून बघतील तर शपथ." काका म्हणाले, "तो करकरतो म्हणून तर कळतं तू जागी आहेस." दोघं असे एकमेकांवर तुटून पडत आणि दुसऱ्याच क्षणी एकाच ताटलीतली बिस्किटं खात. मला माझ्या घरी असं काही मिळालं नव्हतं, त्यामुळे मी काही ना काही निमित्त काढून तिथे जात असे. हे लपवण्यात अर्थ नाही.

मग काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मशीन असलेला दवाखाना नदीपलीकडे. तेव्हा ते काही फार नव्हतं. रिक्षाने पूल ओलांडला की वीस मिनिटांत पोचायच्या. जाताना शिवायचं काहीतरी बरोबर नेत आणि मोकळ्या हाताने टाके उसवत बसत. "एक हात मशीनला दिला, दुसरा गिऱ्हाइकाला," म्हणत.

आणि वर्षभराने नेमका तोच पूल आमच्या ऑफिसात आला.

सत्तर वर्षांचा पूल. सात गाळे, सहा खांब, वर लोखंडी तुळया. जड वाहनं अजून सोडायची की नाही, एवढंच बांधकाम खात्याला हवं होतं. काका शिडी घेऊन गेले, मी बरोबर होते. सकाळी आम्ही बारा रोलरांवर रेघा ओढल्या. कडक ऊन पडलं, तुळयांना हात लावला तर चटका बसत होता. तीन वाजता पुन्हा चढलो. बाराच्या बारा रेघा सबंध. काकांनी खरवडणीने गंजाचा एक पापुद्रा काढला, तर त्याखाली आणखी पापुद्रा, त्याखाली आणखी एक.

"हे रोलर नाहीत आता," ते शिडीवरून म्हणाले. "नुसते ठोकळे झालेत."

याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागलीच कळला. पूल उन्हात लांबायला बघणार, रोलर सरकणार नाहीत, आणि तो सगळा रेटा खांबांच्या डोक्यावर येणार. खाली उतरल्यावर काका बराच वेळ हात पुसत राहिले.

साहेबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना कुणाशीच वाकडं घ्यायचं नसतं, एवढंच. "काका, नकाशात रोलर लिहिलाय ना? मग रोलर द्या. अहवालात एक ओळ टाकू, बेअरिंगची देखभाल करावी म्हणून. पूल बंद करायचा म्हणजे गंमत आहे का?" काका म्हणाले, "देतो की रोलर. आधी तुम्ही तो सरकवून दाखवा." साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमच्याच घरचं माणूस त्या पुलावरून जातं. तिचा तरी विचार करा."

"तिचाच करतोय," काका म्हणाले. "दर आठवड्याला सहा वेळा जाते ती त्या पुलावरून."

हे सगळं मी त्या दिवशी काकूंच्या कानावर घातलं. घालायला नको होतं, पण मला वाटलं त्या तरी त्यांना थोडं सबुरीने घ्यायला सांगतील. काकू मशीनवर बसून परकर शिवत होत्या. त्यांनी दोरा तोडला आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "पडणारा असेल तर बंद करा. मला काय विचारता? मी काय पुलाची मालकीण आहे?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, माझ्या नावाने त्यांना भीड घालू नकोस."

मॉडेलचा तो आठवडा मला अजून दिवसवार आठवतो. सोमवारी काकांनी काड्या जोडल्या, सगळे टेकू घट्ट केले, वजन जुळवलं. मंगळवारी काकूंचा डायलिसिसच्या सुया टोचायचा हात सुजला, ताप भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवून घेतलं. बुधवारपासून काका दहाला येत आणि एकला निघत. डोळे तांबारलेले, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. गुरुवारी त्यांनी बेअरिंगं खऱ्यासारखी केली, बारा मेलेले रोलर बांधून टाकले. शुक्रवारी फाईल माझ्याकडे दिली. "तू तपास. मी जातो. काही वाटलं तर फोन कर."

मी तपासलं. म्हणजे, बेअरिंगं तपासली. सगळा वाद बेअरिंगांचाच होता, म्हणून ती दोनदोनदा पाहिली. भार पाहिले, तापमान पाहिलं. खांबांच्या तळाशी गेलेच नाही. काकांनी दिलेले टेकू काय तपासायचे? देवाच्या मूर्तीला कुणी नाक जागेवर आहे का विचारतं का? अर्ध्या तासात मी 'तपासले' या चौकटीत सही ठोकली.

उत्तर भयंकर आलं. जड वाहनांचं सोडाच, रिकामा पूलसुद्धा नुसत्या उन्हाने सहाही खांबांच्या तळाशी लाल, म्हणजे ताकदीपलीकडे गेलेला, दाखवत होता. सत्तर वर्षं उभा असलेला पूल कुणीही वर नसताना लाल होतो, हे बघून आमच्यापैकी एकाला तरी शंका यायला हवी होती. नाही आली. रोलर मेले होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. ते खरं होतं, म्हणून पुढचंही सगळं खरं वाटलं. आणि दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्या उत्तराने आपलंच वाटोळं होणार असतं ते चुकीचं असेल अशी शंका प्रामाणिक माणसाला येत नाही. सोयीचं उत्तर असतं तर काकांनी ते दहा वेळा पिंजून काढलं असतं.

अहवाल गेल्याच्या नवव्या दिवशी पुलाच्या दोन्ही तोंडांना विटांची भिंत घातली गेली. माणसं, सायकली, सगळं बंद. नदीवर थोडं वरच धरण आहे, तिथून पाणी कधीही सोडतात, त्यामुळे नाव चालत नाही. राहिला दुसरा पूल, बावन्न किलोमीटरच्या वळशाचा.

पलीकडे भाड्याची खोली बघितली होती काकांनी. मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, आणि काकूंना पाच पायऱ्या चढवत नव्हत्या. म्हणून मग तो वळसा. जाताना दीड तास, चार तास मशीन, येताना दीड तास. त्यातला निम्मा रस्ता उखडलेला. डायलिसिसनंतर रक्तदाब पडतो, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. तशा अवस्थेत त्यांना खड्ड्यांतून आणायचं. काकांनी सगळी रजा त्यात घातली. मी तीन-चार वेळा गाडी घेऊन गेले. मागच्या सीटवर काकू काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून असायच्या आणि प्रत्येक खड्ड्याला फक्त "हं" म्हणायच्या. शिवणाची पिशवी येईनाशी झाली. कात्रीची धारही गेली. त्या चिडत नाहीत याचीच मला भीती वाटायला लागली.

दोन महिन्यांनी एखादा दिवस चुकायला लागला. "आज नको, परवा जाऊ." मग आठवड्यातून दोनदाच. डॉक्टर ओरडत, काका हात जोडत, मुलगी फोनवर रडे. काकू म्हणत, "जाते रे बाबांनो, जाते. जरा पाठ टेकू द्या." सातव्या महिन्यात एका सकाळी त्यांना धाप लागली. रुग्णवाहिका वळशाने निघाली आणि काकू दुसऱ्या पुलापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत.

काका पंधरा दिवसांनी ऑफिसात आले, महिनाअखेरपर्यंत समोरची कामं संपवली आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाले. टेबलाचा खण रिकामा केला, वही मला दिली. "तुला लागेल," एवढंच म्हणाले. मी ती कपाटात ठेवली आणि उघडली नाही. मला रडू आलं असतं, म्हणून.

आठ महिन्यांनी खात्याने पुलाची दुरुस्ती काढली. नवी बेअरिंगं बसवायची होती, म्हणून मी जुनं मॉडेल उघडलं. नव्या बेअरिंगांनी तळावर काय फरक पडतो ते बघायला खाली सरकले आणि थांबले. सहा खांब, प्रत्येकाला सहा चौकटी. छत्तीसच्या छत्तीस खुणा. सगळे तळ पोलादी जमिनीत गाडल्यासारखे घट्ट.

पहिला विचार असा आला, काकांनी केलंय म्हणजे काहीतरी कारण असणार. मग वही काढली. त्या आठवड्याचं पान सापडलं. तात्पुरत्या गोष्टींची यादी, एकेकीवर काट. शेवटची ओळ होती, 'खांबांचे तळ'. तिच्यावर काट नव्हती.

मातीचा अहवाल फाईलमध्येच होता. मी स्प्रिंगा दिल्या आणि मॉडेल पुन्हा चालवलं. खांब तळाशी केसभर जरी कलला तरी वरचा रेटा ओसरतो. रिकामा पूल हिरवा. रिक्षा, मोटारी, रुग्णवाहिका घातल्या, तरी हिरवा. जड वाहनं मात्र लाल. मी तीन वेळा चालवलं आणि तिन्ही वेळा तेच आलं. पूल फक्त ट्रकांना बंद करायला हवा होता. मी तपासणीचं पान काढलं. चौकटीत माझी सही होती, झोकदार, शेपटी काढलेली.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, चूक झाली ती सुरक्षिततेच्या बाजूने झाली. कुणी मेलं तर नाही ना?" आणि बोलता बोलता त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

शेवटी त्यांनीच वाट काढली. नव्या माती परीक्षणानुसार लहान वाहनांना हरकत नाही, असा सुधारित अहवाल द्यायचा. पूल उघडेल, कुणाची मान खाली जाणार नाही आणि काकांना कळणार नाही. "म्हाताऱ्या माणसाला आता कळून काय उपयोग?" ते म्हणाले. मी मान डोलावली. मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. त्यात माझीही सुटका होती. आमच्या ऑफिसातून खोटं वाक्य बाहेर जाताना मी पाहिलं, आणि त्या वाक्याखाली पुन्हा माझीच सही होती.

अकरा दिवसांत भिंती पाडल्या, जड वाहनं अडवायला उंचीचे आडवे दांडे लावले आणि पूल लहान गाड्यांना उघडला. बाराव्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. "घरी येतेस का जरा?"

ते दारातच बसले होते, खुर्ची बाहेर काढून. खोलीत शिवणाचं मशीन झाकलेलं होतं. काका वाळले होते, पण दाढी केलेली, शर्टाची बटणं बरोबर. मला पाणी दिलं आणि समोर बसले.

"नवीन काय सापडलं?" त्यांनी विचारलं.

"माती परीक्षण, काका. पुन्हा केलं. माती जरा—"

"माती तपासायला नदीत बोअर घ्यायचं तर तराफा लागतो," ते म्हणाले. "मी रोज सकाळ-संध्याकाळ नदीकाठी फिरतो. तराफा आला नाही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बेअरिंगं अजून तीच आहेत. गंजलेली. ती मी चार दिवसांपूर्वी बघून आलो. म्हणजे वर काही बदललं नाही. माती तीच, पूल तोच. मग उत्तर कसं बदललं?" त्यांनी आवाज अजिबात चढवला नव्हता. "तळाशी काय दिलं होतं मी?"

मी सारवासारवीची चार वाक्यं तयार करून आणली होती. पण ज्या माणसाने मला टेकू द्यायला शिकवलं त्याच्यासमोर टेकूबद्दल खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "घट्ट होते," मी म्हटलं. "सहाही. तात्पुरते राहिले होते. आणि मी तपासलं नाही, काका. सही केली, पण तळाला गेलेच नाही."

त्यांनी मान हलवली. नुसती खाली-वर, हिशोब जुळल्यावर हलवावी तशी. म्हणाले, "मला वाटलंच होतं. एवढे दिवस आठवत होतो. बेअरिंगं आठवतात, भार आठवतात, तळ आठवत नाहीत. काही केल्या आठवत नाहीत." मग, "रुग्णवाहिका जाते का? लहान गाड्यांत धरून?"

"जाते."

"पुलाची किती ताकद शिल्लक ठेवून?"

"पाव हिस्सा तरी."

"पुष्कळ झाला," ते म्हणाले. मला रडू फुटलं. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि माझ्यावर खापरही फोडलं नाही. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, हे त्यांना कळलं असावं. ते उठले, दाराला कुलूप लावलं आणि म्हणाले, "गाडी आणलीयस ना? मला पुलावरून ने."

आम्ही निघालो. पुलाच्या तोंडाशी विटांचे तुकडे अजून बाजूला पडले होते. पाटीवर वेग लिहिला होता, ताशी दहा. मी तेवढ्याच वेगाने चालवली. काका खिडकीबाहेर बघत होते, कठड्याकडे, खाली पाण्याकडे. सातवा गाळा संपला, रस्ता लागला आणि समोर दवाखान्याची मागची भिंत दिसली.

"दोन मिनिटंसुद्धा नाही लागली," काका म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. ते उतरले नाहीत. मी विचारलं, "फिरवू परत?"

"वळशाने चल."

"काका, दीड तास लागेल. रस्ता अजून तसाच—"

"मला माहीत आहे किती लागेल."

मी वळशाने निघाले. उखडलेला रस्ता लागल्यावर मी शक्य तेवढे खड्डे चुकवत होते, तर म्हणाले, "चुकवू नकोस, चुकत नाहीत ते. रिक्षावाल्याने सगळं करून पाहिलं." एका बंद पडलेल्या दुकानापाशी म्हणाले, "इथे तिला पाणी द्यायचो. प्यायची नाही, नुसती चूळ भरायची." मग दुसऱ्या पुलाच्या अलीकडे एक मोरी आहे, तिथे त्यांनी माझ्या हाताला हात लावला. मी गाडी थांबवली.

काकांनी काच खाली केली. बाहेर काही नव्हतं. दगड, काटेरी झुडपं, एक कुत्रं.

"इथे एकदा तिला फार झालं," ते म्हणाले. "उतरून बसली त्या कठड्यावर. मला म्हणाली, अहो, तो पूल खरंच पडणार होता का हो? की उगाच? मला नाही होत आता हे. तुम्ही एकदा परत बघा ना हिशोब."

त्यांनी काच वर करायला सुरुवात केली, ती अर्ध्यात अडकली.

"मी तिला म्हटलं, बघायची गरज नाही. मी स्वतः केलाय."